क्लॅरेन्स 'बिग हाऊस' गेन्स : फुटबॉल, बास्केटबॉल आणि एकच कॉलेज

डावा_हात (धागालेखक)

नॉर्थ कॅरोलायनात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींमध्येही कॉलेज बास्केटबॉलचा विषय निघाला की गाडी ड्यूक आणि चॅपल हिल या दोन विद्यापीठांच्या स्टेशनांपुढे जात नाही. तिथले प्रशिक्षक डीन स्मिथ, कोच के, झालं. मला ज्या प्रशिक्षकाविषयी लिहायचं आहे त्यांनीही याच राज्यात काम केलं. १९९३ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खात्यावर ८२८ विजय होते आणि कॉलेज बास्केटबॉलच्या साऱ्या इतिहासात त्यांच्या पुढे एकच माणूस होता, केंटकीचे अडॉल्फ रप (८७६). तरी क्लॅरेन्स गेन्स हे नाव घेतलं की बहुतेक जण "कोण?" असं विचारतात. म्हणून हा धागा.

जन्म १९२३, केंटकीतल्या पडूका गावी. शाळेत अभ्यासात हुशार, बँडमध्ये ट्रम्पेट, आणि अंगानं दांडगा म्हणून फुटबॉल. (आपला फुटबॉल नव्हे, अमेरिकन. पुढेही तोच समजा.) १९४१ ला बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट कॉलेजात दाखल झाले. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं हा सहा फूट तीन इंचांचा, सव्वाशे किलोच्या आसपासचा पोरगा पाहिला आणि म्हणाला, तुझ्यापेक्षा मोठं मी फक्त घरच पाहिलंय. तेव्हापासून ते 'बिग हाऊस' झाले ते कायमचे. मॉर्गनला ते लाइनमन म्हणून खेळले आणि देशातल्या कृष्णवर्णीय कॉलेजांच्या निवडक संघात गणले गेले. पदवी रसायनशास्त्राची. पुढे दंतवैद्य व्हायचा विचार होता.

मॉर्गनचे प्रशिक्षक एडी हर्ट फुटबॉल, बास्केटबॉल, ट्रॅक असं सगळं एकट्यानं सांभाळत. १९४५ ला त्यांनी गेन्सना सुचवलं की विन्स्टन-सेलमला आपला जुना विद्यार्थी ब्रूटस विल्सन एकटाच खेळाचं खातं चालवतोय, त्याला मदतनीस हवाय, तू जा. विन्स्टन-सेलम टीचर्स कॉलेज (पुढचं विन्स्टन-सेलम स्टेट विद्यापीठ) म्हणजे कृष्णवर्णीय शिक्षक तयार करणारं छोटं सरकारी कॉलेज. थोडे दिवस काम करायचं, पैसे जमवायचे आणि मग दंतवैद्यकाचं बघायचं, असा बेत. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, विल्सन रॉलीच्या शॉ विद्यापीठात गेले आणि तेविशीतल्या गेन्सच्या गळ्यात सगळंच पडलं. फुटबॉलचे मुख्य प्रशिक्षक तेच, बास्केटबॉलचे तेच, क्रीडा संचालक तेच. पोरांचे मुरगळलेले घोटे बांधायचे तेच, तिकिटांचा हिशेब बघायचे तेच, आणि शिवाय वर्गात शिकवायचं.

त्यांची स्वतःची ओळख फुटबॉलवाला अशीच होती. १९४८ मध्ये त्यांच्या कॉन्फरन्सनं (आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटानं) त्यांना वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉल प्रशिक्षक म्हणून निवडलं. १९४९ च्या हंगामानंतर त्यांनी फुटबॉल सोडला, १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून मास्टर्स केलं आणि परत येऊन बास्केटबॉलमध्ये मुक्काम ठोकला. एकंदर ४७ हंगाम. त्याच कॉलेजात.

१९६७ ला त्यांच्या संघानं ३१ सामने जिंकले, एक हरला, आणि एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या कॉलेज डिव्हिजनचं (आजच्या डिव्हिजन दोनचं) विजेतेपद मिळवलं. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजानं बास्केटबॉलमध्ये एनसीएएचं विजेतेपद मिळवण्याची ती पहिली वेळ. अंतिम सामना इंडियानातल्या एव्हन्सव्हिलला झाला, समोर साउथवेस्ट मिझुरी स्टेट, ७७-७४. त्या संघात पुढे मोठा व्यावसायिक खेळाडू झालेला अर्ल मन्रो होता. त्याच्याबद्दल प्रतिसादांत लिहितो, नाहीतर धागा त्याचाच होऊन बसेल.

माझं म्हणणं थोडक्यात असं की गेन्स यांची कारकीर्द नुसत्या विजयांच्या आकड्यातून कळत नाही. १९६० च्या आसपास या राज्यातल्या उत्तम बास्केटबॉलपैकी काही एका छोट्या शिक्षक कॉलेजाच्या जिममध्ये खेळलं जात होतं आणि गावातल्या गोऱ्या लोकांना त्याची खबरही नव्हती. हे झाकून कसं राहिलं आणि मग उघडं कसं झालं, त्यातच या माणसाची खरी गोष्ट आहे.

---

रानजाई

छान विषय. मला अमेरिकन खेळांतलं फार कळत नाही, म्हणून एक बाळबोध प्रश्न. दोन इतके वेगळे खेळ एकच माणूस शिकवतो, हे तेव्हा सर्रास चालायचं का? की फक्त गरीब कॉलेजांत?

---

डावा_हात

सर्रास चालायचं, रानजाई. फुटबॉल पावसाळा संपता संपता सुरू होतो आणि थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) सुमारास आटोपतो, बास्केटबॉल हिवाळ्यात. त्यामुळे वर्षाच्या हिशेबात दोन्ही बसायचे. कॅन्ससचे फॉग ॲलन बास्केटबॉलचे थोर प्रशिक्षक म्हणून ओळखले जातात, पण त्यांनी १९२० मध्ये कॅन्ससच्या फुटबॉल संघालाही शिकवलं. शिकागो विद्यापीठाचे अमोस अलोन्झो स्टॅग फुटबॉलचे पितामह, आणि १८९२ ला स्प्रिंगफील्डला बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना झाला त्यात ते खेळलेही होते.

फरक पुढे पडला. श्रीमंत विद्यापीठांत दोन-तीन दशकांत खेळ वेगळे झाले, प्रत्येकाला प्रशिक्षक, त्याच्या हाताखाली चार-पाच माणसं. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत मात्र हे एकखांबी तंबू फार वर्षं टिकले, कारण राज्य सरकारं त्यांना तुटपुंजा पैसा द्यायची. लुइझियानातल्या ग्रँबलिंगचे एडी रॉबिन्सन फुटबॉलमध्ये ४०८ विजयांचे धनी, पण सुरुवातीला बास्केटबॉल संघही त्यांच्याकडेच होता.

---

खडू_फळा

मी कॉलेजात शारीरिक शिक्षणाचा प्राध्यापक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. लेख वाचताना ओळखीचा वाटला. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्री सगळं माझ्याकडे असायचं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला निघताना एसटीचे पास, पोरांचे ओळखपत्रांचे फोटो, प्राचार्यांची सही, जेवणाची सोय, सगळं आपणच बघायचं आणि मग मैदानावर उभं राहून डावपेच सांगायचे.

एक सांगतो. असं सगळं एकट्यावर असलं की खेळातलं ज्ञान थोडं पातळ होतं हे खरं, पण पोरगा पूर्ण कळतो. सकाळी वर्गात दिसतो, दुपारी मैदानावर, संध्याकाळी त्याचा भाऊ घरून पैसे आले नाहीत म्हणून सांगायला येतो तेव्हा आपल्याच दारात. फक्त डावपेच शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला हे मिळत नाही. गेन्स यांच्या खेळाडूंचं त्यांच्याशी नातं कसं होतं, यावर लिहाल का?

---

डावा_हात

खडू_फळा सर, तुमचा प्रतिसाद मनापासून आवडला. नात्याचं लिहितोच, पण त्याआधी खेळाच्या ज्ञानाचं. ते पातळ राहू नये म्हणून गेन्स यांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं.

ते मुळात फुटबॉलचे. बास्केटबॉल शिकायला त्यांना एक जबरदस्त गुरू शेजारीच मिळाला, डरहमच्या नॉर्थ कॅरोलायना कॉलेजचे जॉन मॅक्लेंडन. हे मॅक्लेंडन कॅन्ससला शिकले. तिथे कृष्णवर्णीय म्हणून त्यांना विद्यापीठाच्या संघात खेळता आलं नाही, पण बास्केटबॉलचा जनक जेम्स नायस्मिथ तिथेच शिकवत होता आणि त्यानं त्यांना पंखाखाली घेतलं. म्हणजे ज्याला मैदानाचं दार बंद होतं तो खेळाच्या जनकाच्या हाताखाली घडला. मॅक्लेंडन यांनी फास्ट ब्रेक, चेंडू मिळाला की सगळ्या संघानं दुसऱ्या टोकाकडे झेपावायचं, हे इतकं पक्कं बसवलं होतं की प्रतिस्पर्ध्याला श्वास घ्यायला फुरसत मिळत नसे. गेन्स यांचा संघ त्यांच्याच कॉन्फरन्समध्ये, दरवर्षी गाठ पडायची. हरता हरता ते शिकले आणि शिकल्याचं श्रेय उघडपणे मॅक्लेंडन यांना देत राहिले.

या कॉन्फरन्सचं नाव सीआयएए. १९१२ मध्ये स्थापन झाली तेव्हा नावातला पहिला 'सी' म्हणजे कलर्ड, १९५० मध्ये त्याचं सेंट्रल झालं. तिची बास्केटबॉल स्पर्धा १९४६ मध्ये वॉशिंग्टनला सुरू झाली. गेन्स यांनी ती आठ वेळा जिंकली, पहिल्यांदा १९५३ ला.

---

सह्यवारा

माहितीपूर्ण आहे, पण मला एक शंका मोकळेपणानं मांडू द्या. ८२८ विजय कोणाविरुद्ध? बहुतेक सगळे छोट्या कॉलेजांविरुद्ध. रप किंवा डीन स्मिथ यांचे सामने देशातल्या सगळ्यात तगड्या संघांशी व्हायचे. दोघांचे आकडे एका यादीत लावणं कितपत योग्य? गेन्स मोठे होतेच, पण मोठेपण दाखवायला हा आकडा पुढे करू नये असं मला वाटतं.

---

डावा_हात

शंका रास्त आहे, आणि आकडा एकटा ठेवला तर मीही तुमच्याशी सहमत होईन. पण थोडं मागे जाऊन बघू या.

तगड्या संघांशी खेळायचं नाही असं गेन्स यांनी ठरवलं नव्हतं. दक्षिणेतल्या गोऱ्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय कॉलेजांशी खेळायचंच नाही, असा रिवाज होता आणि अनेक ठिकाणी कायदाही. १९४४ मधला डरहमचा एक प्रसंग सांगतो. मॅक्लेंडन यांचा संघ आणि ड्यूकच्या वैद्यकीय शाखेतल्या गोऱ्या विद्यार्थ्यांचा संघ यांच्यात गुपचूप सामना झाला. रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, जिमची दारं लावून, प्रेक्षकांविना. कळलं असतं तर मारहाण किंवा तुरुंग ठरलेला. मॅक्लेंडन यांच्या पोरांनी ८८-४४ असा धुव्वा उडवला. मग सरमिसळ करून, दोन्हीकडे दोन्ही रंगांचे खेळाडू घेऊन पुन्हा खेळले. ही गोष्ट १९९६ पर्यंत बाहेर आली नव्हती.

विन्स्टन-सेलममध्ये याचीच सौम्य आवृत्ती घडली. वेक फॉरेस्ट विद्यापीठ १९५६ मध्ये रेनॉल्ड्स तंबाखू घराण्याच्या पैशानं तिथे हललं. दोन कॉलेजं एकाच गावात, पण जग दोन. वेक फॉरेस्टचा गार्ड बिली पॅकर, जो पुढे कित्येक वर्षं टीव्हीवर समालोचन करायचा, तो टीचर्स कॉलेजचे सामने बघायला जाऊ लागला. गर्दीत एकुलता गोरा चेहरा. गेन्स यांनी त्याला बोलावून आपल्या बाकावर बसवून घेतलं. पुढे दोन्ही संघांच्या पोरांचे सराव सामने ठरले, कुठेही नोंद न करता, गाजावाजा न करता. हा तोच पॅकर, तोच वेक फॉरेस्ट संघ, जो १९६२ ला राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोचला. त्या पोरांना गेन्स यांच्या संघाशी खेळावंसं वाटलं, यावरून दर्जाची कल्पना यावी.

दुसरा पुरावा ड्राफ्टचा, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्याचा. क्लिओ हिल, नूअर्कचा पोरगा, गेन्स यांच्याकडे चार वर्षांत २४८८ गुण. १९६१ च्या ड्राफ्टमध्ये सेंट लुइस हॉक्सनं त्याला पहिल्या फेरीत घेतलं. आणि १९६७ ला बाल्टिमोर बुलेट्सनं अर्ल मन्रोला देशात दुसऱ्या क्रमांकावर निवडलं. पुढच्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि १९७३ ला न्यूयॉर्क निक्सकडून विजेता.

---

नागपाड्याचा

मन्रोचं नाव निघालं म्हणून लिहितोय, एरवी मी फक्त वाचतो. माझं बालपण नागपाड्यात, मस्तान वायएमसीएच्या कोर्टाच्या आसपास गेलं. आमच्याकडे एक मोठे खेळाडू होते, ते मन्रोच्या जुन्या चित्रफिती दाखवून सांगायचे, बघ, हा वेगानं पळत नाही, समोरच्याला पळायला लावतो. खांदा एकीकडे, चेंडू दुसरीकडे, मध्येच थांबून गिरकी. ती गिरकी आम्ही सिमेंटच्या कोर्टावर करून गुडघे सोलून घ्यायचो.

मला कुतूहल वेगळं आहे. असा खेळ कुठल्याही शिस्तप्रिय प्रशिक्षकाला खटकतो. आमच्या वेळी चेंडू पाठीमागून फिरवला तरी बाहेर बसवायचे. फुटबॉलमधून आलेल्या, म्हणजे ठरलेल्या चालींची सवय असलेल्या माणसानं मन्रोला तसं खेळू कसं दिलं?

---

डावा_हात

एकदम मुद्द्याचा प्रश्न. मला वाटतं तिथेच गेन्स यांचा शहाणपणा दिसतो.

लगेच खेळू दिलं नाही, हे आधी सांगायला हवं. मन्रो फिलाडेल्फियाच्या गल्ल्यांतल्या कोर्टांवर नाव काढून आलेला, पण पहिल्या वर्षी त्याची सरासरी होती ७.१ गुण. संघात जुने चांगले खेळाडू होते आणि नव्या पोरानं रांगेत थांबायचं असा तिथला शिरस्ता. दुसऱ्या वर्षी २३.२, तिसऱ्या वर्षी २९.८, आणि चौथ्या, विजेतेपदाच्या वर्षी ४१.५. सामन्यामागे सरासरी साडेएकेचाळीस! हा चढ बघितला की कळतं, आधी थांबायला लावलं, बचाव करायला लावलं, आणि तो तयार झाला तेव्हा लगाम पूर्ण सोडला. गिरकी मारू नकोस असं म्हटलं नाही. गिरकीनंतर चेंडू कुठे जाणार एवढं तुला माहीत पाहिजे, असा त्यातला भाव. (हे शब्द माझे आहेत, त्यांचे नव्हेत.)

फुटबॉलच्या सवयीबद्दल माझा अंदाज उलटा आहे. गेन्स लाइनमन होते. लाइनमन चेंडू कधी हातात घेत नाही. त्याचं काम दुसऱ्याला वाट मोकळी करून द्यायची. आयुष्यभर हेच केलेल्या माणसाला एका हुशार पोरासाठी बाकीच्या चौघांची रचना करायला जड गेलं नसावं. १९६७ च्या संघात मन्रोसाठी अडथळे उभे करणारे, रिबाउंड (रिंगवरून परतलेले चेंडू) खेचणारे खेळाडू होते, आणि त्यांना आपलं काम कमी प्रतीचं आहे असं कधी वाटू दिलं गेलं नाही.

---

मुक्तछंदा

मी क्रीडाप्रेमी नाही, पण नागरी हक्कांच्या चळवळीवर वाचत असते, म्हणून विन्स्टन-सेलमविषयी थोडी भर घालते.

ग्रीन्सबरोच्या, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या लंच काउंटरवरचं बैठं आंदोलन १ फेब्रुवारी १९६० ला सुरू झालं ते सगळ्यांना माहीत असतं. तिथून जवळच असलेल्या विन्स्टन-सेलममध्ये ८ फेब्रुवारीला कार्ल मॅथ्यूज एकटा काउंटरवर जाऊन बसला. तो याच टीचर्स कॉलेजचा पदवीधर. २३ फेब्रुवारीला टीचर्स कॉलेजचे कृष्णवर्णीय आणि वेक फॉरेस्टचे गोरे विद्यार्थी एकत्र वुलवर्थ या दुकानाच्या काउंटरवर बसले आणि एकत्रच पकडले गेले. मे महिन्यात गावातले काउंटर सगळ्यांना खुले झाले.

डावा_हात यांनी सांगितलेले ते चोरटे सराव सामने याच वर्षांच्या आगेमागे झाले. एकाच गावातली दोन कॉलेजं एकमेकांच्या जवळ येत होती, काउंटरवरही आणि कोर्टवरही. पोरांनी मोठ्यांची वाट बघितली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

---

रानजाई

मुक्तछंदा, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

मग १९६७ पर्यंत गावात काय बदललं? मन्रोला बघायला गोरे लोक येऊ लागले का?

---

डावा_हात

आले, आणि मोठ्या संख्येनं. कॉलेजची जिम इतकी लहान होती की सामने शहराच्या मेमोरियल कोलिझियममध्ये हलवावे लागले. तिथे १९६६-६७ च्या हंगामात काळे-गोरे प्रेक्षक शेजारी शेजारी बसून एका कृष्णवर्णीय कॉलेजाला ओरडून पाठिंबा देत होते. स्थानिक दैनिकाच्या क्रीडापानावर मन्रोच्या गुणांना 'अर्लचे मोती' असं म्हटलं गेलं, त्यातून 'अर्ल द पर्ल' हे नाव देशभर झालं. सात वर्षांपूर्वी त्याच गावात एका काउंटरवर कॉफी मिळवण्यासाठी पोरं पकडली जात होती.

---

सह्यवारा

डावा_हात, तुमची दोन्ही उदाहरणं पटली. सराव सामन्यांची गोष्ट मला ठाऊक नव्हती. पण मग १९६७ नंतर काय? २६ वर्षं अजून होते ना ते तिथे? एवढा मोठा प्रशिक्षक, आणि राष्ट्रीय विजेतेपद पुन्हा एकदाही नाही?

---

डावा_हात

नाही, पुन्हा नाही. या कारकिर्दीतला मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारा भाग हाच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ज्या वर्षी गेन्स जिंकले, त्याच सुमाराला मोठ्या विद्यापीठांची दारं उघडत होती. मेरिलंडनं १९६५ मध्ये बिली जोन्सला खेळवलं. ड्यूकमध्ये क्लॉडियस क्लेबर्न आला. १९६७ च्या शेवटी चार्ली स्कॉट चॅपल हिलच्या वरिष्ठ संघातून खेळू लागला. वेक फॉरेस्टनंही आपले पहिले कृष्णवर्णीय बास्केटबॉल खेळाडू घेतले. १९६६ ला टेक्सस वेस्टर्ननं पाचही कृष्णवर्णीय खेळाडू उतरवून रप यांच्या केंटकीला राष्ट्रीय अंतिम सामन्यात हरवलं होतं. ते पाहिल्यावर जिंकायचं असेल तर काय करावं लागेल हे सगळ्यांना कळलं.

गेन्स यांची खेळाडू मिळवायची रीत साधी होती. फिलाडेल्फिया, नूअर्क, न्यूयॉर्क इथे त्यांचे मित्र, जुने सहकारी, शाळेतले प्रशिक्षक होते. एखादा पोरगा चांगला दिसला की फोन यायचा. दुसरा मन्रो १९७० मध्ये फिलाडेल्फियात असता, तर त्याच्या दारात दहा मोठी विद्यापीठं पूर्ण शिष्यवृत्ती, टीव्ही आणि चार्टर विमान घेऊन उभी असती. आईबाप कुठलं निवडणार? आणि का निवडू नये? गेन्स यांनी त्या पोरांना कधी दोष दिला नाही.

तरी १९७० आणि १९७७ ला त्यांनी सीआयएएची स्पर्धा जिंकली. शेवटची काही वर्षं पडती होती, तेव्हा हरण्याची संख्या जिंकण्याहून जास्त झाली. ४४७ पराभवांतले बरेच त्या काळातले.

---

खडू_फळा

यावर माझं स्पष्ट मत मांडतो. भेदभाव संपला, तो संपायलाच हवा होता. पण एकत्रीकरण एकाच दिशेनं झालं. खेळाडू मोठ्या विद्यापीठांनी घेतले. गेन्स आणि मॅक्लेंडन यांच्या तोडीचे प्रशिक्षक कोणी घेतले का? त्यांना वेक फॉरेस्टनं किंवा राज्य विद्यापीठानं मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं का? पोरगं चालतं, त्याला घडवणारा मास्तर नको, याला मी पूर्ण न्याय म्हणणार नाही.

---

मुक्तछंदा

सर, शंभर टक्के सहमत. दक्षिणेतल्या शाळांमध्येही हेच झालं. काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एकत्र केल्या तेव्हा कृष्णवर्णीय मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली आणि कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापक हजारोंच्या संख्येनं घरी बसले. खेळातलं चित्र त्याच घडामोडीचा तुकडा आहे.

---

डावा_हात

सर, मॅक्लेंडन यांचं उत्तर 'हो, पण थोडं' असं आहे. टेनेसी स्टेटबरोबर त्यांनी १९५७, ५८, ५९ असं सलग तीन वेळा एनएआयए या छोट्या कॉलेजांच्या संघटनेचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं आणि १९६६ मध्ये क्लीव्हलँड स्टेटनं त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमलं. गोऱ्यांचं वर्चस्व असलेल्या विद्यापीठात हे पद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पण दक्षिणेतल्या कुठल्या मोठ्या विद्यापीठानं नाही, हे लक्षात घ्या.

गेन्स विन्स्टन-सेलमलाच राहिले. बाहेरचा मान मिळाला, तो त्यांनी नाकारला नाही. १९८२ मध्ये नायस्मिथ यांच्या नावाच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. १९८९ मध्ये बास्केटबॉल प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचे ते अध्यक्ष होते. अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीवरही काम केलं. कॉलेजच्या क्रीडासंकुलाला त्यांच्या हयातीतच त्यांचं नाव दिलं गेलं. २००५ च्या एप्रिलमध्ये ते गेले.

---

नागपाड्याचा

ईएसपीएनवर आरडाओरडा करणारा तो स्टीफन ए. स्मिथ त्यांच्याच संघात होता ना? कुठेतरी ऐकलं होतं.

---

डावा_हात

हो, त्यांच्याच शेवटच्या वर्षांतला खेळाडू. मूळचा न्यूयॉर्कचा, शिष्यवृत्तीवर तिथे आला. खडू_फळा सरांनी खेळाडूंशी असलेल्या नात्याबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर या एका गोष्टीत आहे.

स्मिथ संघात असतानाच त्यानं कॉलेजच्या विद्यार्थी वृत्तपत्रात लेख लिहिला की गेन्स यांची प्रकृती ठीक नाही, त्यांनी आता निवृत्त व्हावं. सत्तरीला टेकलेला, चाळीस वर्षं तिथे राज्य केलेला माणूस, आणि त्याच्याच बाकावरचा एक पोरगा जाहीरपणे लिहितो, आता थांबा. किती प्रशिक्षक हे सहन करतील? गेन्स यांनी त्याला जवळच ठेवलं. स्मिथ आजही त्यांचं नाव वडिलांच्या जागी घेतो.

---

खडू_फळा

वा. हे करायला फार मोठं मन लागतं. माझ्या नोकरीत माझ्या पोरांपैकी कोणी असं लिहिलं असतं तर मी त्याला उभा केला असता की नाही, सांगता येत नाही.

---

रानजाई

शेवटचा प्रश्न. क्लिओ हिलचं काय झालं? पहिल्या फेरीत निवड झाली म्हणालात, पण मन्रोसारखं त्याचं नाव कधी ऐकलं नाही.

---

डावा_हात

त्याची गोष्ट कडू आहे. सेंट लुइसमध्ये आधीच तीन गोरे तारे होते आणि संघाचे गुण त्यांच्याभोवती फिरायचे. नवा कृष्णवर्णीय पोरगा येऊन गुण मारतोय, हे त्यांना रुचलं नाही. प्रशिक्षक पॉल सीमूर हिलच्या बाजूनं उभे राहिले, तर मालकानं सीमूर यांनाच काढलं. हिलला खेळायला वेळ मिळेनासा झाला. ५८ सामने, एक हंगाम, एनबीए संपली. ज्यांनी त्याला विन्स्टन-सेलमला पाहिलं होतं ते शपथेवर सांगायचे की मन्रोच्या आधीचा मन्रो हाच.

हिल कडवटपणा उराशी धरून बसला नाही. नूअर्कच्या एसेक्स काउंटी कॉलेजात त्यानं कित्येक वर्षं बास्केटबॉल शिकवलं. २०१५ मध्ये तो गेला. त्याचा मुलगा क्लिओ हिल ज्युनियर हाही प्रशिक्षक झाला. आधी शॉ विद्यापीठात होता, २०१८ मध्ये विन्स्टन-सेलम स्टेटनं त्याला मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं. २०२० ला शार्लटमध्ये त्याच्या संघानं सीआयएएची स्पर्धा जिंकली तेव्हा मी प्रेक्षकांत होतो, माझ्या शेजारचे म्हातारे आजोबा बापाचा खेळ आठवून मला एकेक चाल हातवारे करून दाखवत होते. २०२३ मध्ये बाल्टिमोरला त्यानं ती पुन्हा जिंकली.